मनोहरमामांचा तेवीस कलमी रशिया

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप मनोहरमामा यांच्या चरणी चि. चारुदत्तचा साष्टांग नमस्कार (आमच्या हॉलची लांबी पाहता आठातली सहाच अंगं जमिनीला लागली, उरलेली दोन पोचली असं समजावं).

तुमचा गुडघा, मामीची पित्ताची तक्रार आणि गंगापूर रोडवरचा तुमचा सकाळचा कट्टा, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. आम्ही इथे सुखरूप आहोत. हवा बाराही महिने तीच असल्यामुळे त्या विषयावर शाई खर्च करत नाही. हातानं लिहिलेलं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण त्याला इलाज नव्हता. गेल्या महिन्यात तुम्ही आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तडकाफडकी बाहेर पडलात, जाता जाता मला ब्लॉक केलंत, आणि लँडलाइनवर मी फोन केला की 'राँग नंबर' असं स्वतःच्याच आवाजात सांगून ठेवून देता. 'मामांचं रशियन ओझरच्या धावपट्टीवरून कधी उडालंच नाही' हे मी ग्रुपवर लिहिलेलं वाक्य तुम्हाला लागलं, हे मला मान्य आहे. वाक्य मात्र मी मागे घेत नाही. ते कोणत्या हालअपेष्टांतून जन्माला आलं तेवढं सांगतो आणि निवाडा तुमच्यावरच सोडतो.

मामी हे पत्र मोठ्याने वाचणार आणि समोरच्या फ्लॅटमधल्या नीलिमाताई दार उघडं ठेवून ऐकणार, हे मी गृहीत धरलं आहे. म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत. आमची श्रिया सत्तावीस वर्षांची झाली आणि तिला तिच्या ऑफिसातल्या इल्याशी लग्न करायचं आहे. इल्या रशियाचा, वोरोनेझ गावचा. तीन वर्षांपूर्वी तिकडे तरुण पोरांना लढाईवर बोलावणारी पत्रं घरोघर यायला लागली, तेव्हा हा एक सॅक पाठीला लावून निघाला, जॉर्जियाच्या सीमेवर दोन दिवस रांगेत उभा राहिला, आणि तिथून पायी सोडत नाहीत असं कळल्यावर कुणाची तरी मोडकी सायकल तिच्या दहापट किमतीला घेऊन पलीकडे गेला. आता परत गेला तर पुन्हा बाहेर येता येईल याची खात्री कोणी देत नाही. पोरगा गुणी आहे, मितभाषी आहे, आमच्याकडे आला की स्वतःची बशी विसळतो. वडील नाहीत, भावंडं नाहीत, एक आई. आणि त्याचा हट्ट असा की आईने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय लग्नाची नोंदणी करणार नाही. आई दीड वर्ष फोनवर 'बघू' म्हणत होती. (रशियनमध्येही 'बघू'चा अर्थ आपल्यासारखाच होतो, असं दिसतं.) शेवटी ठरलं की तिने सप्टेंबरात तीन आठवडे आमच्याकडे यावं, माणसं पाहावीत आणि काय तो निकाल द्यावा. म्हणजे माझ्या मुलीचा संसार आमच्या सेंगकांगच्या चार खोल्यांच्या पाहुणचारावर टांगलेला होता.

आणि इथे, मामा, तुमचा उदय झाला. १९८४ साली ओझरच्या विमान कारखान्याने तुम्हाला अकरा महिने रशियाला ट्रेनिंगला पाठवलं, तेव्हापासून गेली एकेचाळीस वर्षं आपल्या घराण्यात रशिया हा विषय तुमच्या नावावर आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या लहानपणी तुम्ही बर्फाच्या गोष्टी सांगायचात तेव्हा आम्हाला मे महिन्यातही हुडहुडी भरायची. पण तुम्ही पाठवलेलं ते 'रशियन पाहुण्यांचे स्वागत : तेवीस कलमे' हे टिपण वाचताना माझ्या लक्षात यायला हवं होतं, की यातला निम्मा देश तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी नकाशावरून पुसला गेला आहे. कलम चारमध्ये तुम्ही तिला 'कॉम्रेड' म्हणायला सांगितलं होतं. कलम नऊमध्ये पोलादाच्या उत्पादनाबद्दल कौतुकाचे दोन शब्द. देवाने बुद्धी दिली आणि ही दोन कलमं मी गाळली. पहिलं कलम मात्र पाळलं, आणि तिथेच घात झाला.

कलम एक : रशियन पाहुण्याचं स्वागत पाव आणि मीठ देऊन करावं. इल्याला विचारलं, तो म्हणाला हो, जुनी पद्धत आहे, आईला फार आवडेल. गोल पाव, मधोमध मिठाची वाटी, पाहुण्याने तुकडा मोडून मिठाला लावून खायचा, झालं स्वागत. इतकं सोपं. आम्ही चौघं चांगी विमानतळावर गेलो. सौ. सुचित्राने रेशमी साडी नेसली, तबकात मॉलमधल्या बेकरीतला गोल पाव, मीठ, हळदकुंकू आणि बॅटरीवरची पणती (खरी पेटवली असती तर स्वागत पोलिसांनी केलं असतं). गालिना सेर्गेयेव्ना बाहेर आल्या. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईचा चेहरा, म्हणजे आपण गृहपाठ केलेला नाही हे तिला आधीच कळलेलं आहे असा. वोरोनेझचा विमानतळ लढाई सुरू झाल्यापासून बंद, म्हणून बाई रात्रभर रेल्वेने मॉस्कोला, तिथून दुबई, तिथून इथे. पण पाव पाहिला आणि तो चेहरा विरघळला. पर्स खाली ठेवली, डोळे पुसले, हात पुढे केला.

आता मला सांगा, आपल्या बायकांच्या हातात भाकरी-पाव आणि मीठ दिलं आणि समोर लांबून आलेलं माणूस उभं केलं, तर तो हात काय करेल? सुचित्राला सिंगापुरात बावीस वर्षं झाली, पण हात अजून साताऱ्याचाच आहे. गालिनाबाईंचा हात पावापर्यंत पोचायच्या आत तिने तुकडा मोडला, त्यांच्यावरून तीनदा ओवाळला, मुठीत मीठ घेऊन तेही डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं, आणि इथे जमिनीवर टाकलं तर दंड होतो म्हणून दोन्ही ऐवज नीट चालत जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकले. वर कानशिलावर कडाकड बोटं मोडली. आपल्या दृष्टीने बाईंची इडापिडा टळली. त्यांच्या दृष्टीने काय झालं, तर दीड दिवस प्रवास करून आलेल्या बाईच्या तोंडासमोर पाव धरला, तो खेचून घेतला, तिच्या डोक्यावरून फिरवला आणि केरात फेकला. इल्या पांढराफटक पडला. त्याच्या घरात ताटातले पावाचे कण तळहाताने गोळा करून खातात. आजी उपासमारीच्या वर्षात जन्मलेली, पाव टाकणं म्हणजे महापाप. गालिनाबाईंनी तबकातला उरलेला पाव उचलला, स्वतःच्या पिशवीत घातला आणि पुढले तीन दिवस आमच्या घरी तोच खाल्ला. सुचित्राचा आमटीभात त्या नुसत्या पाहायच्या.

बरं, तुमच्या कलमांत 'ओवाळू नये' असं कुठे होतं का? मी तेवीसच्या तेवीस पुन्हा तपासली. नव्हतं.

दोन दिवसांनी नुकसान भरून काढावं म्हणून मी कलम सातकडे वळलो : 'रशियन स्त्रिया च्युइंगगमसाठी जीव टाकतात.' मामा, सिंगापुरात च्युइंगगम विकायला बंदी आहे हे जगातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. जुरोंग आयलंडला आमच्या कंपनीच्या बसमध्ये मलेशियातल्या जोहोरहून रोज येणारा एकजण शेजारी बसतो, त्याला मी दबक्या आवाजात विचारलं, तर तो पुढच्या स्टॉपला उठून दुसऱ्या सीटवर गेला. शेवटी कळलं की औषधी गम फार्मसीत मिळतो. फार्मासिस्टने माझी चौकशी केली, माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि एक पाकीट दिलं. मी ते रंगीत कागदात बांधून गालिनाबाईंना समारंभपूर्वक अर्पण केलं. तो सिगारेट सोडवण्याचा गम निघाला. जन्मात विडीला न शिवलेल्या शिक्षिकेला मी पहिलीच भेटवस्तू म्हणून व्यसनमुक्तीचं साहित्य दिलं. त्यांनी भाषांतराच्या अ‍ॅपवर मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि पाकीट माझ्या बाजूला सरकवलं. श्रिया मला म्हणाली, "बाबा, प्लीज, स्टॉप हेल्पिंग, कॅन? यू मेकिंग इट वर्स लाह."

स्टॉप करायचं म्हटलं तरी सुचित्राने आधीच एक ब्रेक लावून ठेवला होता. बाई आल्या शनिवारी आणि सोमवारी पितृपक्ष लागला. पंधरवडाभर घरात लग्नाचा विषय काढायचा नाही, असा फतवा निघाला. म्हणजे ज्या कामासाठी सहा हजार मैलांवरून पाहुणी आणली, ते सोडून बाकी सगळं बोलायचं. त्याही त्या विषयावर मौन. इल्याही मौन. आणि त्यांच्या गावाकडच्या बातम्या हा तर दुसरा न काढायचा विषय. एकदा मी धीर करून विचारलं, तिकडे कसं काय? तर अ‍ॅपमधून उत्तर आलं की या वर्षी काकड्या चांगल्या झाल्या, आणि कधी कधी मोठा आवाज होतो. कसला आवाज, ते मी विचारलं नाही. इल्या ताटातल्या भाताची रास करत बसला होता.

तरी काही बाबतीत आमचं जमलं, हे न सांगणं अन्याय होईल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या वडिलांचं नाव विचारलं आणि मला 'चारुदत्त वसंतोविच' करून टाकलं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव मधे लावतात, या बाई चहाचा कप देतानाही लावतात. आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या तीन आठवड्यांत त्यांचं नाव घरात दिवसातून वीस वेळा घेतलं गेलं आणि मला ते बरं वाटलं. एके संध्याकाळी त्यांनी कागदावर दख्खनचं पठार काढलं, न पाहता, गोदावरी-कृष्णेसकट, आणि नाशिकच्या जागी टिंब देऊन खाली 'बेसॉल्ट' असं लिहिलं. श्रियाला गोदावरी कुठल्या समुद्राला मिळते ते सांगता आलं नाही. गालिनाबाईंनी तिला तो कागद पाठ करायला दिला, आणि दुसऱ्या दिवशी विचारलाही.

पण मग त्या स्वयंपाकघरात शिरल्या. मामा, मी तुम्हाला आजवर पुष्कळ गोष्टींची क्षमा केली, ही करणार नाही. रशियन संस्कृतीचा पाया शेपू आहे, हे तुम्ही एकेचाळीस वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलंत. तीच शेपू, जिचा वास आला की मी लहानपणी तुमच्या घरातून चप्पल न घालता पळायचो. त्यांच्याकडे ती भाजी नाही, अक्षता आहेत. शुभकार्य असो नसो, वरून टाकायचीच. बिटाच्या सूपवर शेपू. बटाट्यावर शेपू. दह्यावर शेपू. एका रविवारी सुचित्राने केलेल्या पोह्यांवर खोबरं-कोथिंबिरीच्या जागी मूठभर शेपू दिसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गालिनाबाईंना वाटलं मला आवडलं. त्यांनी आणखी घातली. इल्याच्या लग्नाचा प्रश्न होता, मी दोन बशा खाल्ल्या. बापाने मुलीसाठी याहून जास्त काय करावं?

असे पंधरा दिवस गेले आणि एकवीस तारखेला, रविवारी, बरोबर सर्वपित्री अमावस्येला, तुमचा व्हिडिओ कॉल आला. इल्या सुट्टी असूनही ऑफिसात होता, श्रिया जिमला. तुम्ही स्वेटर घातला होता (सप्टेंबरात, नाशकात) आणि त्याच्यावर तो भारत-सोव्हिएत मैत्रीचा बिल्ला लावला होता. "दे तिला फोन, मी बोलतो, सगळं सरळ करतो," असं म्हणालात. मी दिला. तुमचं पहिलं वाक्य ऐकून गालिनाबाई आल्यापासून प्रथमच हसल्या, इतक्या की खुर्चीला धरून बसावं लागलं. (इल्याने नंतर सांगितलं की तुम्ही तिला कारखान्यातल्या सर्व कामगारांतर्फे वसंत ऋतूच्या शुभेच्छा दिल्यात.) मग त्या बोलायला लागल्या. पंधरा दिवस तुंबलेलं बोलणं, मामा. इल्या सोडला तर घरात एकही माणूस त्यांची भाषा बोलणारा भेटला नव्हता. बेचाळीस मिनिटं. आधी हसत, मग हळू, मग खिडकीबाहेर बघत. आणि तुम्ही त्या टोकाला छातीवर बिल्ला लावून मान डोलावत होतात : "दा." "कनेश्ना." "अब्याज़ातिल्ना." म्हणजे 'हो', 'अर्थात' आणि 'अगदी नक्की'. मी मोजलं, तुम्हाला बहुधा एवढे तीनच शब्द येतात. शेवटी बाईंनी डोळे पुसले आणि फोनच्या काचेवर, म्हणजे तुमच्या कपाळावर, ओठ टेकले. मी तुम्हाला विचारलं, काय म्हणाल्या? तुम्ही म्हणालात, "काही विशेष नाही. हवापाण्याचं. पाहुणचारावर खूश आहे."

त्याच संध्याकाळी इल्या घरी आल्यावर त्यांनी त्याला समोर बसवलं आणि लग्नाला 'हो' म्हटलं. असं अचानक, जेवणाआधी. श्रिया रडायला लागली, इल्या उभाच राहिला. सुचित्राने काय करावं? तिने इल्याला सांगितलं की आईंना म्हण, आज अमावस्या आहे, तर हाच 'हो' कृपा करून उद्या सकाळी पुन्हा म्हणा. आणि बाईंनी घटस्थापनेला सकाळी साडेसातला, केस विंचरून, हॉलमध्ये उभं राहून पुन्हा म्हटला. त्यांचं मन कशाने वळलं यावर आमच्यात मतभेद आहेत. सुचित्राच्या मते साबुदाण्याच्या खिचडीने. माझ्या मते मी खाल्लेल्या शेपूने.

तुमची करामत कळायला आणखी दोन दिवस लागले. बुधवारी बाई मला विचारू लागल्या, मनोहर गोविंदोविच (आजोबांचं नाव तुमच्याकडून काढून घेतलेलं दिसतं) जुलैत नक्की कधी पोचतील? कुठे? तर त्यांच्या गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, बटाटे काढायला. तुम्ही कबूल केलंय म्हणे. शिवाय काकड्यांच्या बरण्या भरायच्या आहेत आणि कुंपण रंगवायचं आहे, तेही तुम्ही कबूल केलंय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ज्या गुडघ्याने तुम्हाला रामकुंडाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, त्या गुडघ्यावर तुम्ही रशियात बटाटे काढणार! तेव्हा मी ते धावपट्टीचं वाक्य ग्रुपवर लिहिलं. आता सांगा, चूक कोणाची?

शनिवारी त्या गेल्या. निघताना सुचित्राने हातावर दही ठेवलं. त्यांच्याकडे निघण्याआधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायची रीत आहे, म्हणून आम्ही पाचही जण हॉलमध्ये बसलो, बाईंच्या तळहातावर दही, आणि टॅक्सीवाला खालून सारखा फोन करत होता. बाई उठल्या, श्रियाच्या दोन्ही गालांना हात लावला (एका गालाला दही लागलं) आणि निघाल्या. विमान मिळालं. आता तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं बंद करून टाकलंय, मोबाईलचं इंटरनेटही मधूनच जातं, तेव्हा खुशाली कळते ती तुटक निरोपांतून.

असो. लग्नाची नोंदणी जानेवारीत आहे. वडीलधारं माणूस आता आमच्या बाजूने तुम्हीच. तेव्हा राग सोडून मामीसह यावं, तिकिटं मी काढतो. अट एकच : विमानतळावर उतरल्यापासून परत चढेपर्यंत रशियनचा एक शब्दही उच्चारायचा नाही. दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. मामीला नमस्कार, नीलिमाताईंना श्रोत्या म्हणून धन्यवाद.

तुमचा आज्ञाधारक (ब्लॉक केलेला) भाचा,
चारुदत्त

ता. क. १ : येताना चकलीची भाजणी दोन किलो आणावी. शेपूचं बी आणू नये.

ता. क. २ : मामी, इथे वाचन थांबव आणि कागद मामांच्या हातात दे. मामा, इथून पुढचं तुम्ही एकट्याने वाचा.

काल दुपारी इल्या मला ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला घेऊन गेला. मग म्हणाला, माझ्या आईने फोनवर काय विचारलं ते तुमच्या अंकलनी तुम्हाला सांगितलं का? मी म्हटलं, हो, बटाटे. तो म्हणाला, बटाटे शेवटी होते. चांगीवर आत जाण्यापूर्वी आईने त्याला सगळं सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिच्या हृदयात स्टेंट घातला, ते त्याला कळवलं नव्हतं. तिची एकच भीती होती. आपण गेलो की शेजारीण इल्याला कळवणार, आणि हा मुलगा मातीला येण्यासाठी त्याच दिवशी विमानात बसणार, आणि एकदा गेला की त्याला परत सोडणार नाहीत. 'मी मेले तर येणार नाहीस' असं वचन तिने त्याच्याकडेच मागितलं होतं. त्याने दिलं नाही. दीड वर्षाचं 'बघू' ते हे होतं. त्याला धरून ठेवणारं घर मिळाल्याशिवाय तिला 'हो' म्हणायचं नव्हतं.

आमच्याकडे आल्यावर तिने श्रियाला सांगून पाहिलं. श्रिया म्हणाली, "आंटी, डोन्ट लाइक दॅट लाह, यू सो हेल्दी." मग इल्याची आई खाली बाकावर बसून अ‍ॅप मधे धरून सुचित्राला सांगायला लागली. सुचित्राने अर्ध्यातच फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, असं अभद्र बोलू नये, तुम्ही शंभर वर्षं जगाल. (माझ्याकडे आली असती तर मीही हेच म्हटलं असतं. आपल्याकडे मरणाचं बोलणाऱ्याला आधी गप्प करतात, आणि त्याला माया म्हणतात.) मग तुमचा फोन आला. तिने तुम्हाला, या घरातलं मोठं माणूस म्हणून, विचारलं : मी गेल्याचं कळलं की माझ्या मुलाला धरून ठेवाल? तुम्ही म्हणालात, दा. तो रडेल, भांडेल, दार तोडेल, तरी? कनेश्ना. आणि त्या दिवशी तुमच्या घरी माझ्या नावाने काही गोड कराल, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी करतात तसं? अब्याज़ातिल्ना. आणि तुम्ही हसत होतात, मामा. ती इल्याला म्हणाली, किती खंबीर माणूस आहे, माझ्या मरणाचं ऐकून चेहरासुद्धा हलला नाही. अशा लोकांत तू राहा.

आम्हाला कोणालाही तिची भाषा कळली असती, तर आम्ही तिला ते वाक्य पुरं करू दिलं नसतं. तुम्हाला एक अक्षर कळलं नाही म्हणून त्या बाईला उत्तर मिळालं. हे कळल्यावर मी समुद्राकडे तोंड करून रडलो, आणि म्हणूनच आज हे पत्र लिहायला बसलो. वरची सहा पानं धीर गोळा करण्यात गेली. धावपट्टीचं वाक्य मी मागे घेतो.

ता. क. ३ : जानेवारीतली अट रद्द. हवं तेवढं रशियन बोला. फक्त तुम्हाला त्या दिवशी काही कळलं नव्हतं, हे बाईंना या जन्मात कळता कामा नये. तो दिवस आला तर इल्याला धरायला मी आहे, सुचित्रा आहे, दाराला दोन कड्या आहेत. पण शब्द तुम्ही दिला आहे आणि तो त्याला तुमच्याच तोंडून ऐकवावा लागेल, दुसऱ्या कोणाचं तो ऐकणार नाही. आता हिशेब पाहा : बाई अडुसष्टच्या, तुम्ही चौऱ्याहत्तरचे. आणि मामी मला सांगते की तुम्ही बीपीची गोळी दिवसाआड घेता आणि वर मिसळीची तर्री दोनदा मागता. हे आजपासून बंद. तुम्हाला त्यांच्या आधी जाता येणार नाही, मामा. 'असं अभद्र बोलू नये' असं म्हणू नका. कनेश्ना म्हणा.